पुढच्या खोलीतला कापूस

प्रिय आबा,

आत्ताच जळगावहून आलो आणि हातपाय धुऊन मी आधी तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या नातीचं, ईश्वरीचं, बुरशीवरचं औषध डॉक्टरांनी आज बंद केलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले! ऐकताय ना?

ब्लड कॅन्सरच्या औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या आणि तेव्हाच ती मेली बुरशी छातीत शिरली. "घरात ओल, धूळ आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली! आपल्या धरणगावकडे कोणाची नसते? भाव वाढल्याशिवाय तुम्ही चिमूटभर हलू देत नव्हतात. किती भांडले होते मी त्यावरून!

पण दवाखान्यातून मी फोन केला आणि तुम्ही तिकडे ओरडलात, "भाव गया खड्डामा! बठ्ठा कापूस काढा!" सगळा काढला, तर खालचा थर ओला, काळा निघाला. तो तुम्ही कोणाला हात लावू न देता एकट्यानंच उपसलात म्हणे.

भिंतींना चुनाही तुम्हीच दिलात. आणि पोर घरी आली, तर हा माणूस तिच्याजवळ जाईना! खिडकीबाहेर उभं राहून गप्पा. "मना कपडासले धूळ शे, बेटा." अहो, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसूनसुद्धा? तुमच्या मनात काय होतं ते कळायचं मला. रागही यायचा आणि कीवही.

मग एका सकाळी उठलाच नाहीत. औषध बंद होईपर्यंत तरी थांबायचं की हो!

आज मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे आमच्या कापसानं झालं का? ते म्हणाले, "असं म्हणता येणार नाही. ही बुरशी हवेत सगळीकडे असते, आपण सगळेच ती रोज श्वासातून घेतो. पोरीच्या अंगात तेव्हा लढायची ताकद नव्हती, एवढंच."

ऐकलंत? उगाच स्वतःला खात बसलात, आबा! मला तिथेच रडू फुटलं. ईश्वरी म्हणते, "मम्मी, चांगलं सांगितलं ना, मग रडतेस काय?"

आता ती अंगणात पोरांशी भांडतेय. आवाज अगदी तुमच्यावर गेलाय. खूप बरं वाटतंय बघा.

एक शब्द देते. म्हाताऱ्याच्या कापसानं नात आजारी पडली, असं गावात कोणी म्हणालं, तर त्याला दारातच झाडीन. माझी जीभ तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची सून,
वंदना