ही अक्कल कुणाची?

४ फेब्रुवारी

आजही तेच! मुलं आमच्या विज्ञान-दालनात धावत येतात, भिंगांना चिकटतात, आणि आवाजाच्या नळीसमोरून सरळ निघून जातात. या टोकाला बोललं की त्या टोकाला ऐकू येतं — एवढी गंमत, पण कुणी ढुंकून बघत नाही. का?

५ फेब्रुवारी

बैठक. नुकतीच रुजू झालेली नवी मुलगी काहीतरी सुचवू लागली, तर काकांनी — आमच्यातले सगळ्यात जुने — "आपल्याकडे असं चालत नाही" म्हणत तिला गप्प केलं. दालनाची प्रमुख म्हणून मी बसले होते, मला ते खटकलं.

मग ठरवलं : ज्याने त्याने आपली कल्पना फक्त सुतारमामांच्या कानात सांगायची. ते पुठ्ठ्याचा नमुना करून लावतील. कल्पना कुणाची, हे आधी फोडायचं नाही. मामा म्हणाले, "माझ्या पोटात राहील हो, पण घरी बायको खोदून विचारेल त्याचं काय!"

८ फेब्रुवारी

दोन नमुने लावले. एकात नळीला रंगीत पट्टे आणि भलामोठा फलक. दुसऱ्यात नळीचं एक टोक भिंतीआड — बोलणारा दिसतच नाही!

पट्ट्यांकडे कुणी फिरकलं नाही. भिंतीपाशी ही झुंबड! एक चिमुरडी नळीत ओरडली, "कोण आहेस तू?" पलीकडून — "आधी तू सांग!"

नव्या मुलीचं डोकं, दुसरं काय!

९ फेब्रुवारी

मामांनी सांगितलं. भिंत काकांची. पट्टे नव्या मुलीचे.

लहान तो हुशार, असं मी कधी ठरवून टाकलं? काकांना विचारलं, सुचलं कसं? म्हणाले, "नातवंडं समोर आली की लाजतात. दाराआडून मात्र तासभर गप्पा!"

१६ फेब्रुवारी

आता सावल्यांची खोली — मुलांनी भिंतीवर आपली मोठी सावली बघायची, पण तिथेही कुणी थांबत नाही. या वेळी मीही मामांना एक कल्पना सांगून आले. बघू या!

१८ फेब्रुवारी

माझ्या नमुन्यात दिवा छताच्या मधोमध. बघून सगळे खो खो हसले. काका म्हणाले, "ही अक्कल कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

मग काका खाकरले — "तशी... विचार करण्यासारखी आहे." बाकीच्यांनाही तिच्यात गुण दिसू लागले.

फक्त नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, तरी सावली पायाखालीच पडतेय."

बरोबर होतं तिचं. नमुना तिथल्या तिथे काढायला लावला.

आणि तरी — मला तिचा राग आला. अजून गेलेला नाही.