घरपट्टी अजून तुमच्याच नावावर

पप्पा, गेल्या सोमवारी चार माणसं तुम्हाला शोधत घरी आली होती. दारात पांढरी जीप थांबली आणि फाईलवाल्या साहेबाने रस्त्यावरूनच तुमचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून कामाला बसले होते. कितीतरी वर्षांनी कोणीतरी तुम्हाला इतक्या मोठ्याने हाक मारली, आणि मी खिडकीतून काय म्हणाले माहितीये? "ते नाहीयेत." जसं काही तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलाय आणि दुपारी येणार आहात. साहेब म्हणाला, "कधी येतील?" मग सांगावंच लागलं, की मी आठवीत असतानाच ते वारले. त्याने फाईलमध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फाईलमध्ये बघितलं. "आमच्याकडं तर तेच मालक आहेत," म्हणाला.

मला आपली पहिली घरपट्टी आठवते. मी दुसरीत असेन. तुम्ही भोसरीच्या कंपनीतून येताना पेढे आणले आणि अंगातला निळा शर्ट न बदलताच गल्लीभर वाटत सुटलात. आपली गल्ली सगळी गुंठेवाल्यांची. कोणी लातूरचं, कोणी बुलढाण्याचं, कोणी सांगोल्याकडचं. शेतकऱ्याकडून नोटरीवर एकेक गुंठा घेतलेला, खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, बांधकामाला परवानगी तर कोणाकडेच नाही. अशा घराला घरपट्टी लागते तेव्हा बारसं झाल्यासारखंच असतं. हे घर आहे आणि ते अमक्याचं आहे, हे महापालिका पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलते. मी हसले होते. "पप्पा, पैसे भरा म्हणतायत आणि तुम्ही पेढे वाटताय?" तुम्ही टाळक्यात टपली मारली. "येडी. भाडेकरूला कोणी टॅक्स मागतं का? मालकालाच मागतेत." आणि आईला म्हणालात, "हिला एक पेढा कमी दे."

मग शास्ती लागली. बांधकाम अनधिकृत, म्हणून घरपट्टीच्या वर दंड, आणि तो घरपट्टीपेक्षा मोठा, दरवर्षी. मैदानात सभा झाली. खांद्यावर घ्यायच्या वयाची मी राहिले नव्हते, तरी तुम्ही घेतलंत. स्टेजवरचा माणूस ओरडत होता, एक रुपया भरू नका, भरलात म्हणजे गुन्हा कबूल केलात, इलेक्शनच्या आत सगळं माफ करून आणतो. टाळ्या. तुम्ही घरी आलात, आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलत्याशी भांडून आल्यासारखे तिच्यासमोर उभे राहिलात. "भरायचं न्हाई. कोण बी आलं तरी भरायचं न्हाई." आईने मान पण वर केली नाही, पण ऐकलं होतं. पुढे कंपनीने तुम्हाला चाकणच्या प्लांटला पाठवलं आणि एका दुपारी तिथूनच फोन आला, छातीत दुखलं, गाडीत घातलंय, तुम्ही हॉस्पिटललाच या. कंपनीचे जे पैसे मिळाले त्यातून आईने पुढच्या खोलीत गिरणी टाकली. माझं कॉलेज त्या गिरणीवर झालं. माझ्या पुस्तकांना अजून बाजरीचा वास येतो.

आणि तुमचं ते वाक्य आईने धरून ठेवलं. लोक उपवास धरतात ना, तसं. मधल्या काळात शास्ती खरंच माफ झाली, पण मूळ घरपट्टी भरणाऱ्यांचीच. सगळी गल्ली गुपचूप जाऊन भरून आली. समोरचे काका सांगायला आले, "वहिनी, टाका भरून, माफी चालूय तोवर." आई म्हणाली, "त्येंनी न्हाई म्हणून सांगितलंय." काकांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही असता तर पुढच्या आठवड्यात स्वतःच रांगेत उभे राहिला असता आणि वर म्हणाला असता, परिस्थिती बदलली, भरावं लागतंय. पण शब्द बदलायला माणूस लागतो ना, पप्पा. मेलेल्या माणसाचा शब्द तसाच राहतो, आणि त्यावर व्याज चढत राहतं. आकडा मी इथे लिहीत नाही. तुम्ही ऐकून काय करणार आहात? माझा पगार त्याला पुरत नाही, एवढंच समजून घ्या.

मी काहीच केलं नाही असं नाही. निगडीच्या बाजूला करसंकलनाचं ऑफिस आहे, तिथे रजा टाकून गेले. खिडकीतल्या मॅडमना म्हटलं, हप्ते करून द्या. त्या म्हणाल्या, हप्त्याचा अर्ज मालकाच्या सहीचा लागतो. म्हटलं, मालक वारले. तर आधी वारसाची नोंद करून घ्या, शेजारची खिडकी. शेजारच्या खिडकीतला मुलगा माझ्याच वयाचा, कानात इअरफोन. तो म्हणाला, "थकबाकी असेल तर नाव बदलत नाही मॅडम. आधी क्लिअर करा." म्हटलं, क्लिअर करायलाच हप्ते पाहिजेत. त्याने शेजारच्या खिडकीकडे बोट केलं. मी त्या दोन खिडक्यांच्या मधे उभी होते आणि मला हसू यायला लागलं, वेड्यासारखं. मॅडमनी पाणी दिलं. मी ते प्याले आणि बस पकडून परत आले.

तर सोमवार. साहेब वाईट नव्हता, हाच सगळा त्रास आहे. त्याने शिवी दिली असती तर मला पण देता आली असती. "राहत्या खोल्या सोडल्यात आम्ही, फक्त गाळा सील करतोय. वरून यादी येते हो, आमच्या हातात काय नाही." गिरणी चालू आहे, आई पिठाने पांढरी झालीय, कानाला रुमाल बांधलाय. ती माणसांकडे न बघताच म्हणाली, "डबे ठिवून जावा, बारानंतर या." बरोबरचा शिपाई फसकन हसला. मला ओरडून सांगावं लागलं, "आई, गिरणी बंद करायला आलेत!" ते सगळ्या गल्लीने ऐकलं. आईने रुमाल सोडला नाही. "ज्वारी चालूय," म्हणाली. "मधीच बंद केली तर दगड अडकतोय. थांबा."

आणि पप्पा, ते थांबले. साहेब स्टुलावर बसला, त्याच्या फाईलवर पीठ बसत होतं, तो फुंकत होता. तोवर बाया डबे न्यायला धावल्या. समोरची काकू म्हणाली, "माझे गहू तेवढे दळून घेऊ द्या साहेब, मग लावा काय लावायचं ते. तुम्ही पण आणायचं ना दळण, रिकाम्या हाताने आलाय." सगळे हसले, साहेब पण हसला. मग काका पुढे झाले. "हप्ते पाडून द्या की राव. बाईमाणूस आहे." साहेबाने खालच्या आवाजात सांगितलं, "काका, हप्त्याचा अर्ज मालकाने करायचा असतो." मग कोणी हसलं नाही. काकूच्या गव्हाचा नंबर ज्वारीनंतर होता. ज्वारीवर गहू टाकला की चपाती तुटते, म्हणून आई मधे आपलेच मूठभर गहू टाकून दगड साफ करते. तिने तेही केलं. साहेब घड्याळ बघत होता, आणि ती ब्रशने दगडाच्या तोंडाजवळचं पीठ गोळा करत होती.

शेवटी शटर खाली ओढलं. कुलूप, कापडाची पट्टी, लाख. शिपायाने विचारलं, "काडेपेटी आहे का हो?" आणि मी नाही म्हणायच्या आत आईने आतून आणून दिली. तर लाख बसेना. शटरवर इतक्या वर्षांचं पीठ. तो ओततोय आणि ती सुटतेय. आईने कानाचा रुमाल सोडला, ओला करून आणला आणि तेवढी जागा पुसून दिली, नीट, कडेपर्यंत, ताट पुसतात तशी. "आता लावा," म्हणाली. मग सही. मी विचारलं, कोण म्हणून करू? "वारस म्हणून." मी केली. सील लावायला वारसाची सही चालते आणि हप्त्याच्या खिडकीत चालत नाही, हे मला तेव्हा बोलायला सुचलं नाही. रात्री सुचलं, काय उपयोग.

संध्याकाळी आई पायरीवर बसली होती. मी म्हटलं, मी कर्ज काढते, आपण भरून टाकू. ती म्हणाली, "त्येंना विचारायला पायजे हुतं." मी म्हटलं, कोणाला, साहेबांना? ती उठून आत गेली, तुमच्या फोटोवरचं पीठ पुसायला.

तुम्ही तर आत्मा वगैरे मानत नव्हता. विहारात दर पौर्णिमेला सांगायचात, माणूस गेला की गेला, मागं उरतं ते त्याचं वागणं. मग हे मी कोणाला लिहितेय? पाकिटावर पत्ता टाकला तर तो ह्याच घराचा येईल. तुमच्या नावाची कागदं इथे आधीच पुष्कळ येतात, त्यात माझं एक नको. हे कुठेही जाणार नाही, म्हणूनच एक गोष्ट सांगून टाकते. परवा घरातलं पीठ संपलं. आईने डबा भरून दिला आणि तोंड फिरवलं. मी तो पलीकडच्या चौकातल्या गिरणीत नेला, नवीन मशीन आहे त्यांची. पीठ आपल्यापेक्षा बारीक निघालं. चपात्या मऊ झाल्या, पप्पा. आई विचारत होती, कसंय? मी म्हटलं, आपल्यासारखं नाही. आणि रोजच्यापेक्षा दोन जास्त खाल्ल्या.