तीन वर्षांची हमी, आजन्म सपोर्ट

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. ठमाबाई यांस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मजकुराकडे वळण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. तू कागदाची चौघडी केलीस. सुज्ञ माणसं पत्राच्या तीन घड्या घालतात. चौघडीची दुमड बरोबर ओळीवर आली, शाई पुसली, आणि तुझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्या दुमडीतच राहिलं. डॉक्टर काहीतरी म्हणाले एवढं वाचता येतं. मुद्रितशोधकाच्या बहिणीने असं करावं, हे मी कोणाला सांगू?

आता मुख्य विषय. माझा जुना कॉम्प्युटर निवर्तला. छापखान्यातून कोशाची तपासायला येणारी पानं एवढी जड की एक पान उघडेपर्यंत माझा चहा होतो. शेवटी शेवटी तर तो इतका तापायचा की मांजर त्याच्या पाठीशीच झोपायचं. खिडकीखालचं टेबल तुला माहीत आहे, कोशाचे गठ्ठे ठेवले की वीतभर जागा उरते. म्हणून मिनी पीसी घ्यायचं ठरवलंय. पाच वर्षांपेक्षा जास्त टिकायची वस्तू घरात आणताना घरच्यांचं मत लेखी मागवायचं, तोंडी सल्ला वाऱ्यावर जातो, हा आपला जुना नियम. तर हा पूर्वपक्ष.

चौकातल्या दुकानदाराने एक दाखवला. वेग चांगला, किंमत पोट दुखेल अशी, आणि पंखा असा की टेबलावर मोटारसायकल चालू ठेवल्यासारखं वाटावं. दुसरा नेटवर पाहिला. निम्म्या किमतीत. सपोर्ट म्हणून फक्त एक ईमेलचा पत्ता. त्यावर मी चार प्रश्न पाठवले. तुमचं पत्र आमच्यासाठी मोलाचं आहे, असं उत्तर आलं. त्यानंतर त्या मोलाला साजेशी शांतता आहे.

तिसरा तुझ्या यजमानांचा, आमच्या मेहुण्यांचा. त्यांच्या कंपनीत गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला नग ते मला देऊ म्हणतात. किंमत नेटवाल्यापेक्षा कमी. वेग मला लागतो त्याच्या दुप्पट. पंखाच नाही, जाड धातूचं कवच उष्णता बाहेर सोडतं. तीन वर्षांची हमी, आणि वर त्यांच्या शब्दात, आजन्म सपोर्ट.

ठमे, सर्वगुणसंपन्न वस्तू फक्त दोन ठिकाणी भेटते, काव्यात आणि लग्नाच्या जाहिरातीत. डोंगरावर धूर दिसला तर अग्नी असणार, असं नैयायिक सांगून गेले. इथे धूरच दिसत नाही, आणि मला तेच खटकतंय. परवा मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी मेहुण्यांना फोन केला. इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी सातच्या आत फोन उचलत नव्हता, दिवसभर परक्यांचे बिघाड ऐकत असायचा. परवा पहिल्या घंटेला उचलला. तासभर बोलले. मागे ना कोणाचा फोन, ना कोणाची हाक. सपोर्ट इतका चांगला असणं मला बरं लक्षण वाटत नाही. खोक्याबद्दल माझी शंका थोडी आहे, तुमच्या घराबद्दल जास्त. सगळं ठीक आहे ना, ते सरळ लिही.

लोभ पूर्वीइतका असू दे, घड्या मात्र एक कमी.

तुझा
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्राच्या तीनच घड्या घातल्यात, मोजून घे. गुडघ्याबद्दल डॉक्टर म्हणाले की जिने कमी चढा. मी औषधांच्या दुकानात दिवसभर शिडीवर असते हे त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, शिडी चालेल. त्यांनाही गुडघे दिसत नाहीत, फक्त बिल दिसतं.

तुझ्या पूर्वपक्षाला माझा उत्तरपक्ष. चौकातल्याचा घेऊ नकोस, तुला मांजराची कुरकुर सहन होत नाही. नेटवाल्याचा घेऊ नकोस, पंधराव्या दिवशी तू त्या ईमेलला संस्कृतात शाप पाठवशील. ह्यांचाच घे. फक्त पुस्तकांच्या कपाटात कोंबू नकोस, चारही बाजूंनी हात फिरेल इतकी जागा ठेव, नाहीतर पंखा नसल्यामुळे तापेल.

आणि दादा, किमतीत घासाघीस करू नकोस. सांगतील ती दे. अडलं तर लगेच फोन कर, सकाळी कर, दुपारी कर, वेळ बघू नकोस. अडचण क्षुल्लक असली तरी चालेल. तुला पान फिरवता आलं नाही तरी फोन कर.

घरचं विचारलंस. ठीक आहे. हे नेहमीसारखे साडेआठला डबा घेऊन निघतात, साडेसहाला येतात. तू नैयायिक आहेस, गुप्तहेर होऊ नकोस. तुला लहानपणापासून सवय आहे, चेंडू हरवला की आधी माझ्या दप्तरात बघायचा. चेंडू दप्तरातच असायचा, ही गोष्ट वेगळी.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची नजर आणि माया, दोन्ही राहू दे.

तुझी
ठमी


दि. २७ फेब्रुवारी

श्री. मेहुण्यांस स. न. वि. वि.

यंत्र सुखरूप पोचलं. डब्याएवढं आहे आणि कोशाची पाचशे पानं एका दमात उघडतं. चार तास काम करून वर तळहात ठेवला, जेवण होऊन गेलेल्या ताटाइतकं कोमट. मांजराने त्याला नापसंत केलं आहे. थंडाव्याचं याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

त्याहून सुंदर आहे ती तुम्ही सोबत पाठवलेली वही. सेहेचाळीस पानं, हाताने लिहिलेली, बिघाडांच्या सूचीसह. स्क्रीन काळी पडली तर पान आठ, आवाज गेला तर पान एकोणीस, मालक चिडला तर पान एकतीस. मी हसलो. एक चूक सापडली नाही, आणि माझ्या धंद्यात हे अपमानास्पद आहे.

पण मी पानाचे कोपरेही वाचतो. पोटासाठी वाचतो, त्यामुळे ती सवय सुटत नाही. तुमच्या धंद्याची रीत मला माहीत आहे, सपोर्टवाला प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ टाकतो, हात आपोआप टाकतो. तुम्हीही टाकली आहे. सोमवार, सकाळी १०.४०. मंगळवार, दुपारी २.१५. बुधवार, सकाळी ११.०५. अशी तीन आठवड्यांची सेहेचाळीस पानं, एकही रविवार नाही, एकही संध्याकाळ नाही. अक्षर कुठे घाईचं नाही, मध्ये फोन वाजल्याची एक तिरकी रेघ नाही.

मेहुणे, ही वही तुम्ही कुठे बसून लिहिलीत?

मी यात माझ्या बहिणीला घातलेलं नाही. उत्तर आधी तुमच्याकडून ऐकायचं आहे. रागावू नका. रागावलात तर पान एकतीस बघा.

तुमचा लोभ आणि तुमचा सपोर्ट, दोन्ही हवेत.

तुमचा
मुद्रितशोधक शालक


दि. ४ मार्च

ती. दादांना सा. न. वि. वि.

तीस वर्षं दुसऱ्यांचे बिघाड शोधले. माझा तुम्ही पानाच्या कोपऱ्यात शोधलात. तारीख टाकली हे मला तुमचं पत्र वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

कंपनीने सपोर्टचा विभाग बंद केला. ऑक्टोबर संपता संपता. आता गिऱ्हाइकाने फोन केला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. आम्ही नऊ जण होतो. जाताना साहेबांनी कपाटातले दोन नग मला उचलायला सांगितले. चोरीचं काही नाही, कागद आहेत, तुमच्या मनात आलं असेल म्हणून लिहितो. एक तुम्हाला दिला. एक अजून खोक्यातच आहे.

मी साडेआठला निघतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी एक टेबल आहे, तिथे बसतो. एकला जिन्यात डबा खातो, आत खायला मनाई आहे. अर्ज करतो. बोलावतात, माझं वय बघतात, पाणी देतात. तुमची वही लिहिताना बरं वाटत होतं. कोणीतरी अडकणार आहे आणि मला विचारणार आहे, असं.

एक विनंती आहे. तुमच्या बहिणीला एवढ्यात सांगू नका. ती दुकानात दिवसभर उभी असते, गुडघा दुखतो, त्यात ही भर नको. काहीतरी हातात आलं की मी स्वतः सांगेन. ती भोळी आहे, तिला शंका आलेली नाही. वचन दिलंत असं धरून चालतो.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. मला तुमच्या मायेतून काढू नका.

आपला
मेहुणा


दि. ५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

ह्यांच्या नावाने तुझं पाकीट आलं. बावीस वर्षांत तू ह्यांना वेगळं पत्र लिहिलेलं नाहीस, नेहमी माझ्याच पत्राच्या शेवटी दोन ओळी असतात. पाकीट मी उघडलं नाही, ह्यांच्या हातात दिलं. वाचून ते आंघोळीला गेले, सकाळी एकदा करून झाली होती तरी. म्हणजे तुला कळलं.

मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. एक दिवस हे चष्मा विसरले म्हणून मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. रेकॉर्ड केलेल्या बाईने मला एक दाबायला सांगितलं. मी एक दाबलं, मग दोन दाबलं, मग घरी येऊन भाजी निवडली. मुदत संपलेल्या बाटल्या ओळखणं माझं कामच आहे दादा. वरून लेबल तसंच असतं.

तुला नग विकायची कल्पना माझी. तुझा कॉम्प्युटर मरायला टेकलाय, असं मी जेवताना सहज बोलले. वही लिहायला लागल्यापासून हे जेवताना बोलायला लागले. मालक चिडला तर, हे पान लिहिलं त्या दिवशी एकटेच हसत होते. म्हणून तुला म्हटलं, घासाघीस करू नकोस, फोन करत जा. अजूनही सांगते, आठवड्याला एक तरी अडचण काढ. नसली तर कर.

मला माहीत आहे हे ह्यांना कळू देऊ नकोस. ते सकाळी ताठ मानेने बाहेर पडतात, तेवढं तरी राहू दे. ते सांगतील तेव्हा मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करीन. तू मला नाही म्हणणार नाहीस.

वेडी म्हण, पण आपली म्हण.

तुझी
ठमी


दि. १७ मार्च

चि. सौ. ठमी आणि श्री. मेहुणे, दोघांसही, एकाच पाकिटात.

पाकिटावर दोन नावं आहेत. ज्याच्या हातात पडेल त्याने दुसऱ्याला हाक मारावी, बसवावं, आणि मगच पुढे वाचावं.

मेहुणे, तुम्ही माझं वचन धरून चाललात, मी दिलं नव्हतं. ठमे, मी नाही म्हणणार नाही असं तू लिहिलंस, तोवर मी हो म्हटलं नव्हतं. मुद्रितशोधकाला अशा मोकळ्या जागा दिसतात. आणि जे दोघांनाही ठाऊक आहे त्याला गुपित म्हणत नाहीत, त्यामुळे मी कोणाचंही काही फोडत नाही. तुम्हा दोघांची पत्रं सोबत जोडली आहेत. अदलाबदल करून वाचा. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी लांब राहतो.

व्यवहाराचंही सांगतो. मेहुणे, मी ती वही छापखान्याच्या मालकांना दाखवली. ते काही भल्या स्वभावाचे नाहीत, म्हणून त्यांचं मत खरं मानतो. त्यांच्याकडे अकरा कॉम्प्युटर आहेत आणि रोज एक रुसतो. त्यांनी विचारलं की हा गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस येईल का. ही नोकरी नव्हे, आणि पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मी म्हटलं, त्यांच्या घरी विचारून सांगतो. घरी म्हणजे दोघांना.

हे पत्र मी दहा तारखेला लिहिलं आणि आठवडाभर टेबलावर ठेवलं. कारण सांगतो. शेवटच्या वर्षी बाबांनी मला बजावलं होतं की दुखण्याचं आईला कळू देऊ नकोस. आईला कळलं होतं, आणि तिनेही मला बजावलं होतं की मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस. ठमे, तू तेव्हा नव्याने सासरी गेली होतीस, तुला कोणीच काही बोललं नाही. मी दोघांनाही वचन दिलं आणि दोन्ही पाळली, अगदी नीट. बाबा गेल्यावर आई मला एकदाच म्हणाली की ते अख्खं वर्ष आम्ही दोघं पडद्यांच्या रंगाबद्दल बोललो.

यंत्र तापेल, बंद पडेल, हमी संपेल, याची मला काळजी नाही. गप्प बसणं मला फार चांगलं जमतं, आणि या आठवड्यातही जमत होतं. मला त्याची भीती वाटते.

दोघांचा
दादा