फिनिशिंग माझ्याकडे

२ मार्च
आज एक मोठं काम फसलं. माझी चूक नाही. फिनिशची चूक.

ताईची ती पॉलिमर क्ले भारी चीज आहे. हातात लोण्यासारखी, ओव्हनमधून बाहेर आली की प्लास्टिकसारखी टणक. ती तिचे कानातले करते. मी बिस्किट केलं. टूथपिकने भोकं पाडली, कडेला नक्षी काढली, वर खऱ्या बिस्किटाची पूड भुरभुरवली. बाबांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलं आणि दाराआड उभा राहिलो.

बाबांनी ते चहात बुडवायच्या आधी उजेडात धरलं. मग अगदी शांतपणे विचारलं की बिस्किटावर अंगठ्याचा ठसा कधीपासून यायला लागला. आणि मला अंगठा घेऊन समोर बोलावलं.

आयडिया होती, हिंमत होती, कमी पडलं ते फिनिश. मोठमोठी माणसं इथेच मार खातात.
ठराव: यापुढे जे करायचं ते प्रोफेशनल.

३ मार्च
ताईचं प्रकरण आज सविस्तर कळलं. (ती आईला सांगत होती, मी पडद्यामागे होतो.)

ताई कुरियरच्या ऑफिसात फोनवर बसते. ज्यांची पार्सलं हरवतात ते सगळे दिवसभर तिला फाडून खातात. रविवारी दुपारी झोपेत म्हणाली, आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी तेव्हा तिच्या पायाला गुदगुल्या करत होतो.

तर आता बसस्टॉपसमोरच्या गिफ्टच्या दुकानातल्या मॅडम तिला एक अख्खं शेल्फ देतील म्हणतात. आधी दहा जोड बघणार, २० तारखेला. शेल्फ मिळालं तर ताई नोकरी सोडणार. नाही मिळालं तर ऑफिसने पुढच्या वर्षाचा करार समोर ठेवलाय, त्यावर २१ ला सही. ताई म्हणाली, अजून एक वर्ष दिलगीर राहिले तर माझा आवाज कायमचा तसाच होईल.

हिला माझी गरज आहे. तिला अजून माहीत नाही एवढंच.

४ मार्च
सांगून टाकलं. म्हटलं, तू डिझाइन बघ, फिनिशिंग माझ्याकडे. आई हसली. बाबांनी पेपरमधून मान वर न काढता नुसता अंगठा दाखवला.

ताई मात्र हसली नाही, कारण तिच्या शेजारची मुलगी रजेवर गेलीय आणि हिला डबल ड्यूटी आहे. कानातले सगळे भाजून तयार आहेत, घासायला वेळ नाही. शेवटी पानाफुलांचे पाच जोड माझ्या हातात दिले. मांजराला दूध राखायला देताना माणसाचा चेहरा होतो तसा चेहरा करून.

मग लेक्चर. पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासायचं. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग जुन्या जीन्सच्या तुकड्याने चमक येईपर्यंत. वरून लावायचंच असेल तर तिच्या डबीतलं पाण्याचं वार्निश, पातळ. दुसरं काहीही लावायचं नाही. दुसरं काहीही लावायचं नाही.

ताई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. त्यामुळे मी एकदाही ऐकत नाही.

६ मार्च, दुपार
घासतोय.

६ मार्च, थोड्या वेळाने
अजून घासतोय. तोच. एकच. त्याचीही एकच बाजू.

६ मार्च, संध्याकाळ
बोटं मनुकांसारखी झालीत. आईला दाखवली, तर ती म्हणाली त्याच पाण्यात हात आहेत तर चार कपही विसळून टाक. कलाकाराशी बोलायची पद्धत नसते काही लोकांना.

एक पान कसंबसं गुळगुळीत झालं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण या वेगाने मी म्हातारा होईन आणि माझी नातवंडं दुसरी बाजू घासतील. ताई हुशार आहे, फक्त तिला शॉर्टकट दिसत नाहीत. देव प्रत्येकाला सगळं देत नाही.

८ मार्च
दिसला.

घासणं म्हणजे काय? पाणी, पॉलिश पेपर आणि हालचाल. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारं मशीन आमच्या बाथरूममध्ये इतकी वर्षं नुसते कपडे धुतंय. बाबांचा मोजा घेतला, त्यात चार जोड आणि पॉलिश पेपरचे तुकडे भरले, वर गाठ मारली. आईने आधीच कपडे टाकलेले होते, म्हणजे विजेचीही बचत.

मशीन लावलं आणि झोपलो. मोठे उद्योगपती असेच झोपत असणार.

८ मार्च, संध्याकाळ
गाठ सुटली. गाठ मोज्याची, त्यात माझा दोष नाही.

कानातले सगळे सापडले. एक बाबांच्या खिशात, दोन आईच्या बाहीत. बाबांच्या ऑफिसच्या शर्टाची कॉलर आणि दोन्ही कोपर मात्र इतके गुळगुळीत झालेत की आरपार दिसतं. मी म्हटलं हे मॅट फिनिश आहे, याचे लोक वेगळे पैसे देतात. बाबा म्हणाले, मग तू दे.

९ मार्च
उजेडात नीट बघितलं. कानातल्यांवर बारीक ओरखडे आहेत. सगळीकडे, सगळ्या दिशांना. बाबांच्या शर्टावर जी मेहनत गेली ती इकडे यायला हवी होती.

विचार केला, पुन्हा भाजले तर वरचा थर वितळून ओरखडे बुजतील. चॉकलेटचं होतं तसं. ओव्हनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ओरखडे बुजले नाहीत. पांढरी फुलं मात्र कडेने टोस्टच्या रंगाची झाली. आईने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि घरात काय मेलंय ते विचारलं.

पांढरा रंग तसाही जुना झाला. ही कॉफी शेड.

११ मार्च
आज मी इतिहास घडवला, आणि तोही आईच्या ड्रॉवरमधून.

ताईचं पाण्याचं वार्निश लावून बघितलं. चमक येते, पण लाजत लाजत. आणि मला हवी होती काच. ड्रॉवरमध्ये आईची बिनरंगी नेलपॉलिश दिसली. आता बघा, नेलपॉलिशचं काम काय? नखासारख्या टणक वस्तूला चमकवणं. कानातले टणक आहेत का? आहेत. मग शाळेत मला उगाच म्हणत होते की याला डोकं नाही.

एक हात मारला. ओरखडे गायब. दुसरा हात मारला, त्यात माझं तोंड दिसलं. तिसरा हात आनंदाने मारला.

दहा मिनिटांत वाळलं. दहा मिनिटांत. आणि ताई म्हणे जाड, बारीक, त्याहून बारीक.

१२ मार्च
ताई ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच टेबलाशी आली. एक फूल उचललं, दिव्याखाली फिरवलं. मी दाराकडे अंतर मोजून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "हे तू केलंस?"

मी म्हटलं, हो, कुणी मदत नाही केली. म्हणाली इतकी चमक तिला कधी जमली नव्हती. कॉफी शेडसुद्धा तिला आवडली. आणि मग तिने माझ्या केसांतून हात फिरवला, मी चार वर्षांचा असताना फिरवायची तसा. तिने वार्निश कुठलं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, एका ओळखीच्या माणसाकडून आणलं, इम्पोर्टेड आहे.

हे अगदी खोटं नाही. आईला मी ओळखतो.

१३ मार्च
ताईने उरलेले पाच जोडही दिले. म्हणाली, हेही तसेच कर, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. आणि कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत कामावर गेली.

बाटली संपली. आई विचारेल तर उडून गेली म्हणायचं. ती उडतेच म्हणे.

संध्याकाळी ताईने सगळे जोड छोट्या डब्यांत ठेवले. खाली कापूस, वर कापूस, जपून. झाकणं लावून चिकटपट्टी. म्हणाली, आता वीस तारखेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, पण चांगल्या नजरेने.

राहिलेले दोन थेंब मी बिस्किटाला लावले. ठसा आता शोधून सापडणार नाही. खऱ्या बिस्किटाला लाज वाटेल.

१६ मार्च
बिस्किट पुन्हा बाबांच्या डब्यात ठेवलं होतं. आज बाबांनी डबा उघडला, वरचं बिस्किट उचललं, तर खालची चार बिस्किटं त्याला लटकत वर आली. बाबांनी ती झुंबरासारखी हवेत धरली आणि सगळ्यांना दाखवली. मग त्यांच्या बोटाला माझं बिस्किट चिकटलं, ते निघेना. शेवटी तेलाने काढलं.

बाबा हसले. हसण्यासारखं काय होतं? मुळात प्रँक तो नव्हता.

१७ मार्च
बिस्किटाला हात लावून बघितला. चिकट आहे. काल होतं त्यापेक्षा जास्त. धुतलं, तरी चिकट. त्यावर आता एक मुंगी, दोन केस आणि बाबांच्या पेपरचा एक कोपरा आहे. कोपऱ्यावरची जाहिरात वाचता येते.

कारणं:
डब्यात दमट होतं. बिस्किट खाण्याच्या वस्तूंत राहिलं. बिस्किटाला वाईट दिवस आले.
कानातले कोरड्या डब्यांत आहेत. कापसात. सुरक्षित.

१७ मार्च, पुन्हा
ताईला सांगावं का? ताई आनंदात आहे. आज फोनवर कुणाला तरी सांगत होती की भाऊ खूप सुधारलाय. आनंदात असलेल्या माणसाला उगाच उठवू नये, असं झोपेबद्दल म्हणतात, पण आनंदालाही लागू आहे.
आणि चिकटपट्टी लावलेली आहे. चिकटपट्टी काढणं म्हणजे ताईचा विश्वास तोडणं.

१९ मार्च
उद्या मीही जाणार. ताईने बोलावलं नाही, पण मॅडम फिनिशबद्दल विचारणारच, तेव्हा माहितगार माणूस हजर पाहिजे. शर्टाला इस्त्री केली. बाबांना म्हटलं तुमचाही करून देऊ का, तर त्यांनी शर्ट पाठीमागे धरला.

आरशासमोर सराव केला. "तसं विशेष काही नाही मॅडम, जराशी नजर लागते."

२० मार्च
दुकान छान आहे. काचेचं शेल्फ रिकामं करून पुसून ठेवलेलं होतं. मॅडमनी मला एक लिमलेटची गोळी दिली, ताईला खुर्ची दिली.

ताईने पहिलं झाकण उघडलं. आत कापूस होता. मॅडमनी कापूस बाजूला केला. कापूस बाजूला झाला नाही. त्यांनी चिमटीत धरून ओढला तर कानातलाही आला, दाढी वाढवून. दुसऱ्या डब्यात सशाचं पिल्लू बसल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्यात फूल कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. ताई एकामागून एक झाकणं उघडत गेली. दहाही उघडली. मला वाटलं तिने मध्येच थांबावं.

मॅडम वाईट बाई नाहीत. हात पुसत म्हणाल्या, डिझाइन चांगलंय, रंग चांगलेत. मग विचारलं, "फिनिश कुणी केलं?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठी मी इस्त्री केली होती.

ताई म्हणाली, "मीच."

मी बोलणार होतो. पण तोंडात गोळी होती. मोठी होती.

मॅडम म्हणाल्या, मेणबत्त्या करणाऱ्या एक बाई आहेत, आता शेल्फ त्यांना द्यावं लागेल. हात बसला की पुन्हा या. ताईने डबे पिशवीत भरले, थँक्यू म्हणाली, खुर्चीसुद्धा जागेवर सरकवली.

रस्त्यात तिने एवढंच विचारलं की लावलं काय होतंस. सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली नेलपॉलिश क्लेला हळूहळू खाते, वरून वाळते आणि मग विरघळवत बसते. मी म्हटलं, हे आधी सांगायचं ना. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला आठवलं की सांगितलं होतं. दोनदा.

घरी येईपर्यंत ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. वाया गेलं.

२१ मार्च
ताईने ऑफिसात सही केली. एक वर्ष.

बाबांनी आज एकही जोक केला नाही. डब्यातून बिस्किट घेतलं, बघितलंसुद्धा नाही, बुडवून खाल्लं. मला जेवण गेलं नाही. बहुतेक त्या गोळीमुळे.

२९ मार्च
ताईने नवी क्ले आणली. रविवार, सुट्टी, तिने नवीन पानं केली, बरोबर तापमानावर भाजली, गार केली. वाडग्यात पाणी घेतलं आणि खिडकीशी घासायला बसली. मी शेजारी जाऊन बसलो. खूप वेळ. शेवटी म्हटलं, दे एखादं, अर्धं तरी घासतो, जाड पेपरवालं.

तिने मान न उचलता वाडगा माझ्याकडे सरकवला. पाणी गढूळ झालं होतं. म्हणाली, "बदलून आण."

आणलं. मग पुन्हा बदललं. मग पुन्हा. आता पाण्याचं सगळं मीच बघतो. पाणी स्वच्छ नसेल तर ओरखडे जातच नाहीत, हे बाहेर फार कमी लोकांना माहीत असेल.

वाडगा बाबांनी आतून पुसून घ्यायला सांगितलाय, म्हणाले, फिनिशिंग तुझ्याकडे ना. घेतला.