झेडची फ्रेम

प्रिय अवनी,

आधी हुश्श म्हण, मग पुढचं वाच. तुझे बाबा ठणठणीत आहेत. म्हणजे गुडघे, बीपी आणि स्वभाव होता तसाच आहे. पण डोकं शाबूत आहे, आणि त्याचा पुरावा खाली पार्किंगमध्ये उभा आहे.

दिवाळीत तू आलीस तेव्हा बीएसएवरून आमची केवढी जुंपली होती! मोटरसायकल अठ्ठेचाळीस सालची, आरसी बुकात तसंच लिहिलंय, आणि लग्नानंतर आम्ही ती घेतल्यापासून तिच्या फ्रेमला कुणी हात लावलेला नाही, असं माझं म्हणणं. बाबांचं एकच पालुपद: दिवेघाटात पडलो तेव्हा फ्रेम वाकली, मग जुन्या बाजारातून दुसरी आणली, ती एकोणपन्नासनंतरची, कागद तेवढे जुनेच राहिले. मागच्या सीटवर मी होते, मला नाही का आठवणार, असं मी ठणकावलं. तू माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्यातच आपण दोघींनी सगळं ठरवून टाकलं.

त्याआधी गॅसचं झालंच होतं. मी स्वयंपाकघरात जावं, तर दूध उतू गेलेलं आणि बाबा शेगडीचं बटण धरून उभे. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणायचे. तू परत गेल्यावर मी तुला फोनवर रडत सगळं सांगितलं, तू डॉक्टरांची वेळ घेतलीस, आणि मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पाळत ठेवली. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला कोथिंबीर आणायलाही एकटं सोडेना. शेवटी वैतागून म्हणाले, सुनीती, मी हरवलो तर पोलिसांना रस्ता मीच दाखवीन.

रविवारी विश्रांतवाडीचा रविराज आला. नोकरी आयटीत, नाद जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचा. एकदाचं साल ठरू दे म्हणून बाबांनीच बोलावलं होतं. मला वाटलं, बरं झालं, निदान परक्याचं तरी ऐकतील. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकू, इंजिनावरचा नंबर इंजिनाचं वय सांगतो, फ्रेमचं वय फ्रेमलाच विचारायचं, असं म्हणत तो हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर थिनरचा बोळा फिरवत बसला. वरचा काळा रंग गेला, त्याखालचा हिरवा गेला, मग ठोकलेली अक्षरं दिसू लागली. ह्या मॉडेलच्या अठ्ठेचाळीसपर्यंतच्या फ्रेमचा नंबर एक्सने सुरू होतो आणि एकोणपन्नासपासून झेडने, एवढं मला समजावून त्याने टॉर्च धरला. झेड होता. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी झेडच.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! ते पोर नको नको म्हणत असतानाही मी त्याला पुन्हा पुन्हा पोहे वाढले. बाबा मात्र 'बघ, मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाले नाहीत. आयुष्यात ही संधी त्यांनी कधी सोडलेली नाही, त्यामुळे मला ते जरा खटकलंच. रविराज गेल्यावर ते माझ्याजवळ बसले आणि हळूहळू सांगू लागले. ती फ्रेम आम्ही रिक्षातून आणली म्हणे. आडवी, आमच्या दोघांच्या मांडीवर. माझ्या अबोली साडीला गंज लागला आणि शनिवारवाडा येईपर्यंत मी कुरकुरत होते.

ती साडी आता आपल्या गोधडीत आहे. तिच्यावरचा डाग मी रोज घडी घालताना बघते. मी तो चहाचा समजत होते.

अवनी, मी त्या रिक्षात होते, आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. शेगडीवर दूधही मीच ठेवून विसरायचे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. बाबा धावत जाऊन गॅस बंद करायचे आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझे संशय मुकाट्याने अंगावर घ्यायचे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्यांना काही झालं असतं तर मी कोलमडले असते. आता घरात आठवणारं एक डोकं आहे, आणि ते त्यांचं आहे, ह्याचा मला खरंच फार आधार वाटतो. फोनवर हे बोलता आलं नसतं, आता ते सारखे जवळच असतात. म्हणून हे पत्र. डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द करू नकोस, फक्त बाबांचं गोपाळकृष्ण हे नाव काढून तिथे सुनीती लिहायला सांग. बाबा म्हणतात, बीएसएवरूनच जाऊ. मी मागे बसेन. रस्ता त्यांना ठाऊक आहे.

तुझीच, आणि एवढं तरी पक्कं आठवणारी,
आई