डोळ्यातल्या पाण्याचा दुसरा नमुना

आई, तुझ्या डोळ्यांना नक्की काय झालं होतं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आता मी तू गेलीस त्या वयाच्या पुढे आले आहे, म्हणून लिहिते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. तू कुडाळजवळच्या काजूच्या कारखान्यात गर निवडायला बसायचीस. अख्खे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे वेगळे. मी मुंबईत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नुकतीच टेक्निशियन म्हणून लागले होते. सुट्टीत घरी आले, तुला कारखान्यात भेटायला गेले, तर तू अख्ख्या गरांत तुकडे टाकत होतीस. "डोळ्यात कायतरी फिरता गो," म्हणालीस, "काजळी उडता तसा." गावाकडच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या की बरं वाटायचं, सोडल्या की पुन्हा धुकं. असं वर्ष गेलं. मग मी तुला एसटीने मुंबईला आणलं.

आमच्या नेत्रविभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसती सूज अशी परत परत येत नाही. आत दुसरंच काही असेल." डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव काढून त्यातल्या पेशी तपासायचं ठरलं. त्याआधी गोळ्या हळूहळू बंद करायच्या होत्या, कारण ज्या पेशी शोधायच्या त्याच त्या गोळ्यांनी मरतात. पहिल्या नमुन्यात काही मिळालं नाही. काचपट्टीवर नुसता मेलेल्या पेशींचा चुरा. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "यावरून काहीच सांगता येणार नाही." संध्याकाळी तुझ्या उशाखाली गोळ्यांची पट्टी सापडली.

"माका दिसाक व्हया होता," तू म्हणालीस. "गोळी बंद केल्यार तुझा तोंडय दिसना नाय."

मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी तुला बोलले. तुझ्यामुळे आता डोळ्यात परत सुई घालावी लागणार, म्हटलं. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. "चुकला माझा," एवढंच म्हणालीस.

पुढचे तीन आठवडे तू गोळीशिवाय काढलेस, भिंत चाचपत. दुसऱ्या वेळी मी ऑपरेशन थिएटरच्या दारातच उभी राहिले. बाटली हातात आली तशी जिना उतरून तळमजल्यावर गेले. द्रव लगेच यंत्रात फिरवला, तळाला बसलेला साका काचपट्टीवर पसरून रंगवला. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि उठून मला स्वतःची खुर्ची दिली. मोठाल्या पेशी, आत जवळजवळ सगळं केंद्रकच, त्याच्या कडा वेड्यावाकड्या. लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. "तुझी आई ना?" सरांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. ते माझंच काम होतं.

तुला मी एवढंच सांगितलं की वाईट पेशी आहेत, डोळ्यांना आणि डोक्याला किरण देतील. "गावला मां?" सापडलं ना एकदाचं, अशा सुरात तू म्हणालीस. "मग बरा झाला."

किरणांनंतर उजवा डोळा बराच निवळला. दोन हंगाम तू परत गर निवडलेस. मग तुझे शब्द अडखळायला लागले. आजार मेंदूत पोचला होता. शेवटी शेवटी तू मला तुझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायचीस आणि मी ओ द्यायची.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. पहिल्या नमुन्याची बाटलीही माझ्याकडेच दिली होती. तू माझा हात सोडत नव्हतीस, म्हणून ती एप्रनच्या खिशात ठेवून मी तासभर तुझ्याजवळ बसले. त्या पेशी तेवढ्या वेळातही फुटतात, हे सरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर तुला बोलून झालं होतं. त्या गोळ्यांनी मेल्या की माझ्या खिशात, ते कोणालाच ठरवता आलं नसतं. सरांजवळ मी हे कबूल केलं, तुझ्याजवळ नाही. तू पुढे भेटेल त्याला सांगायचीस, माझ्या हट्टापायी चेडवाक त्रास झालो, आणि मी, तुझी लेक, शेजारी बसून ते ऐकून घ्यायची.