सतरा वाचकांचे रोट

२० जुलै, रविवार, सकाळी ७
आजपासून रोज एक ब्लॉगपोस्ट. ठरलं म्हणजे ठरलं.
'पपई : एक चिंतन' या पोस्टला महिन्यात अकरा व्ह्यूज. ब्राह्मणपुरीत पपई कुणाला नवीन नाही, मान्य. पण चिंतन तर नवीन होतं! रूपाली छान आहे म्हणाली. वाचलंस का विचारलं, तर दूध उतू जातंय म्हणून आत गेली. बायकोला साहित्याची आवड नाही.

२४ जुलै
रोज एक पोस्ट जमलं नाही. लाइट नव्हती. (होती. मूड नव्हता.)
फुकटचं वेबिनार पाहिलं. वाचक म्हणजे कुटुंब. त्याला घरी बोलवा, ताटावर बसवा, कनेक्ट व्हा. एकदम पटलं.

२६ जुलै, शनिवार
सकाळी पोस्ट टाकली : 'तुम्ही वाचक नाही, माझे भाऊबंद आहात. ३ तारखेला आमच्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, खायला या.' खाली पत्ता.
दुपारपर्यंत एकही कॉमेंट नाही. जेवलो नाही. रूपाली ओट्यापाशी मोबाइल घेऊन बसलेली. नवऱ्याचं दुःख हिला दिसत नाही.
संध्याकाळी बारा कॉमेंट! 'नक्की येणार सर!' चुलतभाऊ भटूला दाखवलं. म्हणाला, रोट तर फक्त भाऊबंदच खातात. म्हटलं, म्हणून तर! पोट धरून हसत घरी गेला. जळतो. तासाभरात आणखी पाच. एकूण सतरा.

३१ जुलै
रोटाचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आई नावं घेते, मी गहू टाकतो. आमचे नऊ झाले, मी थांबलो नाही. 'स्वप्नवाटसरू', 'एक हळवा वाचक', कॉमेंटमधले सगळे घेतले. रूपाली तीनदा काहीतरी सांगायला आली. गप्प केलं.
आई म्हणाली, "इतला गहू कोना नावना?" वाचकांच्या, म्हटलं. "त्या आपला भाऊबंद शेतस का?" समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "नाव लिधं ना, आते खानंच पडी."
नाव घेतलं की खावंच लागतं; नावाचे गहू परत कोठीत जात नाहीत. रोट बाहेर कुणाला देत नाहीत, गुरांनाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मला काय काळजी? सतरा जण येताहेत.

३ ऑगस्ट, रविवार, दुपारी २
अंगणात सतरा पाट. नवा शर्ट. स्टँडवर दोन चकरा.
एक जण पत्ता विचारत आला. धावत गेलो, मिठी मारली. पपईचा व्यापारी निघाला.

५ ऑगस्ट
सकाळी रोट. दुपारी रोट. आई एकेक नाव घेऊन वाढते. आज 'स्वप्नवाटसरू' चहात बुडवून खाल्ला.
वाचकांना काही अडचण आली असेल. पाऊसपाणी, एस.टी. रूपाली मात्र प्रत्येक जेवणाला दोन रोट जास्त खाते, तेही न कुरकुरता. भूक वाढली असावी.

८ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या पौर्णिमा. भटूसकट सगळे ताटावर. शेवटचा रोट उरला. कुणाचा? 'एक हळवा वाचक'. मला भरून आलं. निदान यानं तरी यायला हवं होतं.
रूपालीने रोट आपल्या ताटात घेतला. "हाऊ मन्हाच शे."
तिचा कसा? कळेना. मग खाली मान घालून तिने सांगितलं. बाराही नावं तिचीच. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, म्हणून. 'पपई'सुद्धा वाचली होती. अर्धी.
शरम वाटली. पाच दिवस ही बारा जणांचं जेवण एकटी रेटत होती, आणि मी एस.टी.ला दोष देत होतो. खरं सांगतो, बरंही वाटलं. माझ्यासाठी दुसरं कोण बारा माणसं झालं असतं? तिचा अर्धा रोट मी घेतला.
मग ताठ बसलो. म्हटलं, असू दे, तरी पाच वाचक तर खरे होते!
भटूला जोरात ठसका लागला.